चौथी कात

बाबा शेडच्या पत्र्यावर ओली पोती अंथरायला चढले आणि एका पोत्यासकट खाली आले. पोत्याला काही झालं नाही. बाबांचा पाय घोट्याच्या वर मोडला. दवाखान्यातून गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून घरी आणलं, खाटेवर टेकवलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

“दुपारचा पाला पडला का?”

“पाला पडला, तुम्हीही पडलात,” आई म्हणाली. “आता उठून बघायला जाऊ नका.”

शेडमध्ये रेशमाच्या अळ्या होत्या. तीन वेळा कात टाकून झालेल्या, आगकाडीच्या अर्ध्याएवढ्या. तुतीच्या फांद्या पानांसकट कापून आणायच्या आणि मांडणीच्या कप्प्याकप्प्यात त्यांच्यावर अंथरायच्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ. अळी खात राहते, वाढत राहते. मग एक दिवस खाणं थांबवते, डोकं वर उचलून निजते आणि जुन्या कातडीतून बाहेर सरकते. अजून चौथी कात बाकी होती. ती टाकली की अळ्या तोवर जन्मात खाल्लं नसेल एवढं खातात आणि कोष विणायला बसतात. हे सगळं बाबा आणि दोन मजूर मिळून करायचे. मजूर कापणीचे दिवस म्हणून मोठ्या मळ्यांवर निघून गेले होते. वारा असा तापलेला होता की दोरीवर पिळून टाकलेलं फडकं दुसरं पिळेपर्यंत वाळत होतं.

संध्याकाळी काका आले. बाबांचा धाकटा भाऊ. टेम्पो चालवायचे. जमीन दोघांच्या नावावर होती, राबणूक मात्र बाबांची.

“दादा, आता तरी ऐक. अळ्या खड्ड्यात घाल, वर चुना टाक, मोकळा हो. तो रोपवाटिकेवाला जागा मागतोय. तुती उपटून द्यायची, भाडं घ्यायचं आणि पाय वर करून बसायचं. तुझा तर वर आहेच.”

बाबा छताकडे बघत राहिले. थोरली लेक कोपऱ्यात फवारणीच्या पंपात पाणी भरत होती. तिने झाकण घट्ट केलं.

“अळ्यांची ही खेप पुरी करू,” ती म्हणाली.

“कोण करणार?”

“मी करते. शाळेला सुट्टी आहे. वर्गातली पोरं बोलावते.”

“पोरं.” काकांनी बाबांकडे बघितलं. “ऐकलंस? सहल काढतेय तुझी लेक शेडमध्ये.”

“काढू दे ना भाऊजी,” आई म्हणाली. “डबे मी देते.”

काका हसले, पण उठताना सरळ बोलले. “हे बघ पोरी, मी काही वैरी नाही. कोष नीट आले तर मी तुतीचं नाव काढणार नाही. खेप वाया गेली तर मुळासकट उपटायची. मग डोळ्याला पदर लावून बसायचं नाही कुणी.”

“मी पदर घेत नाही,” थोरली म्हणाली.

बाबांनी मान हलवली. ती हो होती की झोप, ते कुणाला कळलं नाही. काकांनी हो धरली.

*

दोघं आली. एक ताडमाड. तिचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं, कारण ती वर्गात उभी राहिली की फळ्याचा अर्धा मजकूर झाकला जाई. दुसरा मास्तर. तो मास्तर नव्हता, त्याचे वडील शिंपी होते, पण कुणीही काहीही विचारलं की तो आधी घसा साफ करायचा. शिवाय घरचा धाकटा, तेरा वर्षांचा, थोरलीच्या खांद्याला लागणारा. कोष विकले की सगळ्यांना वाटा, एवढं बोलणं झालं.

मास्तर शेडच्या दाराशी आला तसा थोरलीने त्याला थांबवलं.

“पावडर लावून आलास?”

“थोडी. गळ्याला.”

“धुऊन ये. वास चालत नाही त्यांना.”

“लग्न माझं आहे की त्यांचं?” असं म्हणून मास्तर हौदाकडे गेला.

थोरलीला काम येत होतं. सात वर्षांची असल्यापासून ती शेडमध्ये वावरत होती. फांदी कुठे धरायची, किती जाड अंथरायची, ओल्या पानाने अळीला हगवण कशी लागते, हे सगळं तिच्या हातात होतं. अडचण एवढीच होती की ते हातातच होतं. मास्तरने फांद्या अंथरल्या की ती मागून जाऊन त्या उचलून पुन्हा अंथरायची. ताडमाडने भारा बांधला की सोडून बांधायची. आणि हे करताना बोलायची बाबांच्या आवाजात.

“डोळे कुठे आहेत? एका बाजूला ढीग, एका बाजूला मोकळं. असं करतात का?”

खाटेवर बाबा होते. त्यांनी खाट शेडच्या दाराशी आणून ठेवायला लावली होती. तेही तिथून तेच बोलायचे. मास्तर एका कानाने मुलीचं आणि दुसऱ्याने बापाचं ऐकत तसाच उभा राहायचा.

शाळेत दर शनिवारी एक ताई यायच्या. एकत्र काम कसं करावं, पुढे होऊन काम कसं सांभाळावं, असं काहीबाही शिकवायच्या. एकदा त्यांनी एकाच्या डोळ्यांना पट्टी बांधून दुसऱ्याला सांगितलं होतं, हात न लावता फक्त बोलून याला बाकांमधून पलीकडे ने. ताडमाडच्या डोळ्यांना पट्टी होती आणि बोलणारी थोरली. थोडं अंतर गेल्यावर थोरलीने तिचं मनगट धरलं आणि सरळ ओढत पलीकडे नेलं. सगळ्यांच्या आधी पोचल्या दोघी. ताई म्हणाल्या, पोचलात, पण खेळ झाला नाही. थोरलीला ते तेव्हा पटलं नव्हतं. पोचायचंच तर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताडमाडने कोयता भाऱ्यावर ठेवला.

“मुकादम, एक विचारू?”

“काय?”

“मी बांधलेला भारा तू सोडून परत बांधणार असशील तर मी उन्हात का उभी राहू? मी घरी सावलीत उभी राहते. तुझा तेवढाच वेळ वाचेल.”

“सैल होता तो.”

“मग सैल आहे म्हण. सोडतेस कशाला?”

थोरलीचे हात तेव्हाही गाठ आवळत होते. ताडमाड गेली. संध्याकाळी मास्तरही आला नाही. त्याच्या वडिलांकडे काज करायची घाई होती, असा निरोप आला. निरोप धाकट्याने आणला आणि सांगताना तो हसला, म्हणून थोरलीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग तोही शेडच्या बाहेर जाऊन बसला.

*

त्यानंतरचा दिवस तिने आणि आईने काढला. उजाडायच्या आधी तुतीत शिरायचं. पानांवर दव नसतं त्या दिवसांत, पण देठातला चीक बोटांना लागतो आणि त्यावर धूळ बसून बोटं काळी चिकट होतात. कापायचं, बांधायचं, डोक्यावर घ्यायचं, शेडच्या दारात चुन्याच्या पाण्यात पाय बुडवायचे, अंथरायचं. वरच्या कप्प्यांपासून सुरुवात केली. खालच्या कप्प्यांपर्यंत पाला आणेस्तोवर दुपार झाली. तिथल्या अळ्यांनी पानं संपवून फांदीची साल कुरतडली होती. कप्प्याशी कान नेला की एरवी कोरड्या वाळूवर कुणी चालत असल्यासारखा खाण्याचा आवाज येतो. तिथे तो नव्हता. अळ्या नुसती डोकी इकडेतिकडे फिरवत होत्या.

थोरलीने शेवटचा भारा टाकला आणि मांडणीला टेकून खाली बसली. मानेची शीर फडफडत होती. आई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

“जाऊन ये त्या उंच पोरीकडे,” आई म्हणाली.

“मी काय चुकीचं बोलले?”

“बोललीस ते बरोबरच असेल. तुझ्या बापाचा आवाज आहे तो. माझे कान सरावले, वीस वर्षं झाली. त्या पोरांनी काय पाप केलंय?”

बाबा खाटेवरून म्हणाले, “मला ऐकू येतंय.”

“ऐकायलाच बोलले,” आई म्हणाली.

ताडमाडच्या दारात तिची आई धुणं आपटत होती. तिने थोरलीला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “या मुकादम. आत आहे ती. तुमच्यासाठी काढू का बाहेर, की तुम्हीच ओढून नेता?” थोरलीचे कान गरम झाले. घरातलं सगळं घरात सांगितलं जातं, हे तिने धरलं नव्हतं.

ताडमाड दारात आली. चौकटीखालून यायला ती वाकली.

“खालचे कप्पे उपाशी राहिले आज,” थोरली म्हणाली.

“मग?”

“पाला तू बघ. कधी तोडायचा, कुणी वाहायचा, कसा बांधायचा, तू ठरव. मी तुतीत येणारच नाही. मला फक्त दारात पाला पाहिजे.”

“आणि सैल असला तर?”

“सैल आहे म्हणेन.”

ताडमाडने थोडा विचार केला. “माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून एक आहे. तुम्ही दुपारीही तोडता, ते येडेपणाचं आहे. ऊन लागून पान दारात येईपर्यंत मलूल होतं. सगळा पाला पहाटे तोडून घ्यायचा, भिंतीच्या सावलीत उभा करून ठेवायचा, वर ओलं पोतं. पोतं पानाला टेकू द्यायचं नाही.”

“बाबा दुपारी तोडतात.”

“मग बाबांची दुपार मी पहाटेवर आणते,” ताडमाड म्हणाली.

मास्तरला आणायला दोघी गेल्या. त्याच्या वडिलांनी मशीन थांबवून विचारलं, “घरी काज करताना हा सारखा सांगत असतो की अळीला आठ बाजूंनी बघावं लागतं. खरंय का?” थोरली म्हणाली खरंय. त्या दिवसापासून तिने मास्तरला बघायचंच काम दिलं. कप्प्याकप्प्यात फिरायचं, कुठे ओल आहे, कुठे गर्दी आहे, कुठे कुणी पिवळी पडून मेलीय, बघायचं आणि सांगायचं. सांगणं त्याला जमतच होतं. धाकट्याला दार दिलं. चुन्याच्या पाण्यात पाय बुडवल्याशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही. पहिल्याच सकाळी त्याने आईला परत पाठवलं. आई परत गेली, पाय बुडवून आली आणि आत गेल्यावर हसली.

राहिले बाबा. थोरली खाटेच्या कडेला बसली.

“बाबा, काही दिसलं तर मला सांगा. त्यांना नका सांगू.”

“का? माझ्या शेडमध्ये मी बोलायचं नाही?”

“बोला की. माझ्याशी बोला. दोन ठिकाणांहून आवाज आला की ते मधेच उभे राहतात.”

बाबांनी प्लास्टरच्या आत खाजवायला घेतलेली काडी बाजूला ठेवली. “तू रागावल्यावर कशी दिसतेस सांगू?”

“तुमच्यासारखी.”

“माझ्या आईसारखी,” बाबा म्हणाले. “मी तिच्या धाकात वाढलोय. चल, जा. खालच्या कप्प्यात ओल आहे, तेवढं बघ.”

*

चौथ्या कातेची चिन्हं एका सकाळी दिसू लागली. अळ्यांची कातडी ताणून चमकायला लागली, खाणं मंदावलं, मग थांबलं. डोकी वर करून त्या स्थिर झाल्या. थोरलीने सगळ्यांना बोलावून दाखवलं.

“आता पाला नाही. चुन्याची पूड भुरभुरायची, बिछाना कोरडा ठेवायचा, हात लावायचा नाही. सगळ्या उठेपर्यंत पान टाकायचं नाही.”

“ज्या आधी उठतील त्या?” मास्तरने विचारलं.

“थांबतील. उठलेल्यांना पान टाकलं तर त्या खाऊन पुढे जातात आणि निजलेल्या पाल्याखाली दबतात. मग खेपेची एक बाजू इकडे आणि एक तिकडे. कोष कधी धरायचे, कळत नाही.” ती थांबली. शनिवारच्या ताई म्हणायच्या, सांगून झालं की समोरच्याकडून परत ऐका. “आता तू सांग, काय करायचंय?”

मास्तरने घसा साफ करून सगळं बरोबर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तसा वारा सुटला. पत्रा कडकड वाजत होता. बरोबर त्याच वेळी काकांचा टेम्पो आला आणि काकांबरोबर रोपवाटिकेवाला उतरला. पांढरा सदरा, हातात मोजपट्टी. तो तुतीच्या बांधावरून चालत जाऊन जागा बघू लागला. खेप अजून शेडमध्ये होती. थोरलीने ते दारातून पाहिलं आणि आत वळली.

“काय दिसतंय?” तिने विचारलं.

“सगळ्या उठल्यात,” ताडमाड म्हणाली. “डोकी मोठी झालीत, वळवळतायत. भूक लागलीय त्यांना.”

“कुठे उठल्यात?” धाकटा म्हणाला. “सगळ्या निजल्यात. एकही हलत नाही.”

“तुझे डोळे तपास.”

“तू तुझे तपास. बांबूला काय कळतं?”

थोरली दोघांकडे बघत राहिली. ताडमाड टाचा न उचलता वरच्या कप्प्यात बघत होती. धाकटा वाकून खालच्या कप्प्यात. पत्रा तापला होता, वर भट्टी होती आणि खाली सारवलेल्या जमिनीचा गारवा. वरच्या अळ्यांची झोप त्या उन्हात लवकर संपली होती. शिवाय खालचे कप्पे एक दिवस उपाशी राहिलेले, ते तसेही मागे होते.

“तुम्ही दोघंही बरोबर आहात,” ती म्हणाली. “तू खाली बस. आणि तू त्या डब्यावर चढ.”

ताडमाड उकिडवी बसली. धाकटा डब्यावर चढला.

“अगं खरंच की,” ताडमाड म्हणाली.

काका दारात आले. धाकट्याने डब्यावरूनच चुन्याच्या पाण्याकडे बोट दाखवलं. काकांनी कुरकुरत पाय बुडवले. वरच्या कप्प्यात अळ्या माना उंचावून हवेत काहीतरी शोधत होत्या. त्यांच्यासमोर एक पान नव्हतं.

“दादा, हे बघ. उपाशी मारतायत. पाला भिंतीला लावून ठेवलाय आणि या तडफडतायत.”

बाबा कोपरांवर उठून बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. वर्षानुवर्षं ते कातेच्या दिवशी शेडमध्ये एकटेच असायचे आणि कुणाचं ऐकायचे नाहीत. आता खाटेवरून त्यांना फक्त दारासमोरची मांडणी दिसत होती.

“थोडा टाक ना,” ते म्हणाले. “वरवर टाक.”

“नाही बाबा.”

“पोरी, वारा बघ कसला आहे.”

“अर्धा दिवस त्या थांबू शकतात. तुम्हीच सांगितलंय मला. मी थांबणार आहे.”

“उपटायचीच आहे म्हणा तुती,” काका म्हणाले आणि बाहेर गेले.

थोरली ओलं पोतं खिडकीला बांधायला शेडच्या मागे गेली. परत आली तेव्हा पलीकडच्या मांडणीवर हिरवं दिसलं. वरपासून खालपर्यंत सगळ्या कप्प्यांत पाला अंथरलेला. नीट, सारखा, कुठे ढीग नाही, कुठे मोकळं नाही.

तिच्या घशापर्यंत शब्द आले. बाबांचे, बाबांच्या आईचे, कुणाचेही असतील. तिने ते तिथेच धरले.

“कुणी टाकला?”

मास्तर म्हणाला, “मी.” घसा त्याने साफ केला नाही.

“काय बघितलंस?”

“त्या माना वर करत होत्या. मला बघवेना. काका पण म्हणाले. माझ्या समोरच्या कप्प्यात सगळ्या जाग्या होत्या.”

“समोरच्या. म्हणजे तुझ्या डोळ्यांसमोरच्या.”

मास्तरने खालच्या कप्प्याकडे पाहिलं आणि त्याचं तोंड रडवेलं झालं. “मी जातो घरी.”

“जाऊ नकोस, दोन हात कमी पडतील. खालच्या कप्प्यांतल्या ज्या जाग्या आहेत त्या आतापर्यंत फांद्यांवर चढल्या असतील. निजलेल्या खाली आहेत. फांद्या अळ्यांसकट उचलून दुसरीकडे न्यायच्या. अळीला बोट लावायचं नाही. आता कातडी ओल्या कागदासारखी असते.”

“नेऊन ठेवायच्या कुठे?” ताडमाडने विचारलं. “कप्पा रिकामा नाही.”

थोरलीने शेडभर नजर फिरवली. ती बाबांवर थांबली.

“काय?” बाबा म्हणाले.

“खाट द्या.”

“आणि मी?”

“चटईवर.”

“पाय मोडलाय माझा.”

“चटईवर काय जास्त मोडणार आहे?” आई म्हणाली. तिने एका बाजूने खांदा दिला, ताडमाडने दुसऱ्या. बाबा एका पायावर उड्या मारत, कण्हत, शिव्या अर्ध्या गिळत चटईवर गेले. धाकट्याने खाट चुन्याच्या पाण्याने पुसली, आईने वर कोरडे कागद अंथरले.

फांदीच्या एका टोकाला ताडमाड, दुसऱ्याला मास्तर. मांडणीच्या खांबामुळे त्यांना एकमेकांचे हात दिसत नव्हते. थोरली मधे बसली. दोन्ही हात तिने पाठीमागे बांधून घेतले.

“सरळ वर उचला. थांबा. मास्तर, तू खाली आहेस. बोटभर वर. आता दोघं डावीकडे, हळू. थांबा, एक लोंबतेय. चढली. चला.”

पहिली फांदी खाटेवर पोचली. मग दुसरी. एक फांदी मास्तरच्या हातात कलली, दोन अळ्या जमिनीवर पडल्या आणि फुटल्या. त्याने तिच्याकडे पाहिलं. “पुढची घे,” ती म्हणाली. घामाचे थेंब पापणीवर येऊन अडत होते आणि पुसायला कुणाला हात नव्हता, म्हणून आई फडकं घेऊन एकेकाचं कपाळ टिपत फिरत होती. काका दारात कधी येऊन उभे राहिले कुणाला कळलं नाही. रोपवाटिकेवाला बाहेर हाका मारत होता. काकांनी त्याला हातानेच थांबायची खूण केली. मग पाय बुडवले आणि खाटेचा हलणारा पाय दाबून धरून बसले. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

दुपार कलली. खाट भरली. खालच्या कप्प्यांत निजलेल्या अळ्या पुन्हा मोकळ्या झाल्या, त्यांच्यावर चुन्याची पूड भुरभुरली. बाकीच्या मांडण्यांवर वरच्या अळ्या अजून माना उंचावत होत्या आणि पाला भिंतीलाच होता. आता सगळे नुसते बसले. बसणं हेच सगळ्यात अवघड काम निघालं.

“एक हलली,” बाबा म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाबा चटईवर कुशीवर झोपले होते. सगळ्यात खालचा कप्पा त्यांच्या नाकासमोर होता.

“जुन्या डोक्याचं काळं टोपडं पडलं बघ तिचं. ही दुसरी. अगं, या सगळ्या रांगेने उठतायत.” ते पुटपुटत राहिले, इतक्या खालच्या आवाजात की त्यांचा वाटेना. “वीस वर्षं शेड केली, इथून कधी बघितलं नव्हतं.”

थोरलीने प्रत्येकाला एकेका मांडणीपाशी पाठवलं, ताडमाडला खाली, धाकट्याला डब्यावर. सगळीकडून एकच उत्तर आल्यावर ती ताडमाडला म्हणाली, “पाला आण.”

*

पुढचे दिवस खाण्याचे होते. अळ्या बोटाएवढ्या झाल्या. वाळूवर चालण्याचा आवाज आता दारातूनच यायचा आणि बोलायला आवाज चढवावा लागायचा. ताडमाडने धाकट्याचे दोन मित्र वाहायला लावले आणि त्यांना भारा बांधायला स्वतः शिकवला. एक भारा सैल होता. थोरलीने तो पाहिला, “सैल आहे,” म्हणाली आणि पुढे गेली. मास्तरने आपण होऊन नियम केला, की बघताना आधी बसायचं, मग उभं राहायचं, मग डब्यावर चढायचं. तो हे सगळ्यांना दिवसातून अनेकदा सांगायचा आणि सगळे ऐकून घ्यायचे.

अळ्या पिवळसर पारदर्शक होऊन तोंडातून तार सोडू लागल्या, तेव्हा त्यांना विणायला जाळीच्या चटया दिल्या. मांडण्यांवरच्या सगळ्या जवळजवळ एकदम चढल्या. खाटेवरच्याही. त्या मास्तरच्या मांडणीतल्या खालच्या कप्प्यांतल्या तेवढ्या मागे राहिल्या, अजून खात होत्या. कोष पांढरे, घट्ट झाले. बोटांत दाबले तर दबत नव्हते.

बाजाराच्या सकाळी काकांनी टेम्पो दाराशी लावला. पोती भरून झाली.

“चल, बस पुढे,” काका थोरलीला म्हणाले.

“मी नाही येत. मागच्यांचं विणणं चाललंय. आज धड अळी ना कोष अशा आहेत त्या, हलवता येत नाहीत.”

“त्या मूठभरांसाठी? मग बाजारात बोलणार कोण? मी नाही बरं का, मला कोषातलं काही कळत नाही.”

“ताडमाड बोलेल. मास्तर कोष दाखवेल.”

“ही?” काकांनी मान वर करून ताडमाडकडे पाहिलं. “पहिल्यांदा चाललीय ही.”

“मी पण कधीतरी पहिल्यांदा गेले होते,” थोरली म्हणाली. तिने ताडमाडला बाजूला घेतलं. तिला खूप सांगायचं होतं. कोणता व्यापारी वरचे कोष चांगले म्हणून खालचे नाकारतो, कोणता पोत्यात हात घालून मुद्दाम फुटलेला काढतो. त्यातल्या दोनच गोष्टी तिने सांगितल्या आणि ताडमाडकडून परत ऐकल्या.

टेम्पो गेला. दिवसभर ती खालच्या कप्प्यापाशी बसली. अळ्या तार फिरवत होत्या, आठाच्या आकड्यासारखी, स्वतःभोवती. आईने डाळ निवडली. बाबा कुबडीवर दोन वेळा दारापर्यंत जाऊन रस्ता बघून आले.

“फोन तरी करायचा,” ते म्हणाले.

“काम असलं तर करतील,” थोरली म्हणाली. तिचा स्वतःचा फोन तिने मुद्दाम घरात ठेवला होता.

उन्हं उतरल्यावर टेम्पो आला. मागे रिकामी पोती घडी घालून ठेवलेली. मास्तर उतरतानाच बोलत होता, पण काकांनी त्याला हाताने गप्प केलं.

“मी सांगतो. पहिल्या व्यापाऱ्याने एक कोष फोडून दाखवला, म्हणाला माल कच्चा. ही काय म्हणाली माहितीये? म्हणाली, तुम्ही नखाने फोडलात, आता बोटाने दाबा. चार माणसं जमली तिथे. मग मास्तरने प्रत्येक पोत्याच्या तळातून मूठ काढून त्याच्यापुढे ओतली. तळातून, हं. मी म्हटलं बाबा रे, वरून काढ, तर म्हणतो आधी बसायचं. दुसऱ्या व्यापाऱ्याने सगळा माल उचलला.”

“चांगल्या भावाला गेला?” बाबांनी विचारलं.

“चांगल्याला गेला.” काकांनी टेम्पोच्या चाव्या खिशात टाकल्या आणि तुतीकडे बघत उभे राहिले. सगळी पानं ओरबाडलेली, नुसत्या काठ्या उभ्या होत्या. बघणाऱ्याला वाटावं, मेलेली झाडं आहेत. काका बांधावर गेले, एक काठी वाकवून सोडली, परत आले.

“छाटणी कधी करायची?” त्यांनी थोरलीला विचारलं. “छाटल्याशिवाय नवा पाला यायचा नाही म्हणे. मी दोन दिवस गाडी उभी ठेवतो.”

बाबा कुबडीवर तसेच थांबले. आईने डाळीचं सूप खाली ठेवलं.

“मला नका विचारू काका,” थोरली म्हणाली. “तुती तिच्याकडे आहे.”

काका ताडमाडकडे वळले. ती पोत्यांच्या घड्या भिंतीशी रचत होती.

“उद्या पहाटे या,” ती म्हणाली. “उशीर केलात तर भारे वाहायला लावीन.”

“बरं,” काका म्हणाले, आणि चपला काढून पाय बुडवायला चुन्याच्या पाण्याकडे गेले.